अमिबांचा उपास

सुलूमावशींच्या मेंदूत सोडलेले अमिबे विस्मरणाचा गाळ खाऊन टाकायचे. पण हल्ली ते आपोआप फुटत होते. रसायनतज्ज्ञ शलाकाने त्यांच्या पेशीपटलाचं पृथक्करण केलं, तर त्यात स्निग्धांश जवळजवळ नव्हताच. ती तडक मावशींच्या खाटेपाशी आली.

"मावशी, तुम्ही तेल-तूप सोडलंत?"

"चार महिने झाले. डोकं पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत शिवणार नाही, असा नवस बोललेय."

"अहो, त्यातूनच तर अमिबे आपलं पटल बांधतात! मोडा तो नवस, आजच्या आज."



"देवाला कौल लावल्याशिवाय कसा मोडू गं? आणि कुठल्या देवाला बोलले होते, तेच आता आठवत नाही."