रीडिंग

टीव्हीवरच्या पाच ॲपचे पैसे दर महिन्याला कापले जात होते. बायकोने रिमोट घेतला आणि एकामागोमाग चार बंद करून टाकली. नवरा घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात चौतीस वर्षं घालवून निवृत्त झालेला. चार जाईपर्यंत तो पेपरातून डोकं वर काढेना. पाचव्याला मात्र म्हणाला, "ते राहू दे."

"कोण बघतं ते? तुम्ही बातम्यांच्या पुढे जात नाही."

त्याने ॲप उघडून मुलीचं नाव दाबलं. लग्नावरून भांडून गेलेली मुलगी तीन वर्षांनंतरही घरचाच पासवर्ड वापरत होती. "काल एकेचाळिसावा भाग होता. आज बेचाळिसावा."

"मग?"

"मग काय. रीडिंग पुढे सरकतंय, म्हणजे घरात माणूस आहे आणि बरं आहे."

"त्यापेक्षा फोन करा."

"फोनचं नाव काढू नकोस."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि रोजच्यासारखा मुलीला फोन लावला. "किती भाग उरलेत गं तुझ्या मालिकेचे? तेवढ्यासाठी ते ॲप ठेवलंय त्यांनी."

"मी कुठे बघते, आई," मुलगी म्हणाली. "भांडी घासताना आवाज बंद करून रोज एक भाग लावून ठेवते. कुणाचा मीटर थांबलेला दिसला की बाबांना जेवण जात नाही."