एकोणीस कागद

फोरमनने सात पुस्तकं टेबलावर आपटली. सातही दुकानातून परत आलेली. कशात चौथा फॉर्म दोनदा, कशात नववा. छापून घडी घातलेल्या सोळा पानांच्या जुडीला त्या बाइंडिंग खात्यात फॉर्म म्हणत.

"वाचणाऱ्याला सोळा पानं फुकट दिली आपण. आभार मानायचे सोडून पुस्तक परत करतो," फोरमन म्हणाला. त्याच्या मागे सगळे त्याला डिंक म्हणत. चिकटला की सुटत नसे.

लांब टेबलावर बारा ढीग होते आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या बाया दोन. प्रत्येक ढिगावरून एक फॉर्म उचलायचा, फेरी पुरी झाली की हातात पुस्तक. दोघी सख्ख्या जावा. थोरलीला फेऱ्या मारून बावीस वर्षं झाली होती, धाकटीला दोन. फोरमनला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तो धाकटीकडे वळला.

"एकाच्या जागी दोन उचलतेस आणि बोटांना पत्ता नाही?"

धाकटी पुस्तकांकडे बघत राहिली. कोणाच्या बोटांना पत्ता नव्हता ते तिला ठाऊक होतं. चार महिने घरी थोरलीच्या हातून कप सुटत होते. तिच्या ब्लाउजची बटणं धाकटी लावून देत होती. पहाटे हाताला आलेल्या मुंग्यांनी जाग आली की थोरली अंथरुणात बसून हात झटकायची, ओल्या हाताचं पाणी उडवावं तशी. मनगटात नस दबली आहे, उचलाउचलीचं काम बंद करा, असं डॉक्टर म्हणाले होते. "मग हात काय खुंटीला टांगून ठेवू?" असं थोरलीने त्यांनाच विचारलं होतं. कामावर मात्र चकार शब्द नाही. त्या टेबलावर हात दुखतो म्हणालेली शेवटची बाई पुढच्या सोमवारी घरी होती. पुस्तकं तिच्यावाचून अडली नाहीत.

"घरात एवढी मास्तरीण आहे, तिच्याकडून काही शिकावं माणसाने." फोरमनने शेल्फवरच्या पातळ कोऱ्या कागदांतून चिमूटभर उचलले आणि थोरलीपुढे धरले. "बाई, दाखवा हिला. डोळे मिटून."

ही थोरलीची ख्याती. डोळे मिटायचे, कागदांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि आकडा सांगायचा. खात्यातल्या सगळ्यांनी हे तिच्याकडूनच उचललं होतं, धाकटीनेही.

"आता ह्या वयात काय खेळ करायला लावता, साहेब."

"दाखवा हो. तिला कळू दे हात कशाला म्हणतात."

थोरलीने डोळे मिटले. अंगठा कडेवर ठेवला. तिथे कागद आहेत की टेबलाची कड, अंगठ्याने काहीच सांगितलं नाही. मग ती ऐकू लागली. एकेक कागद सुटताना बारीक फुटका आवाज येत होता, त्यावर ती आकडे चढवत गेली. यंत्रांची घरघर मध्ये मध्ये येत होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

फोरमनने स्वतः मोजले नव्हतेच. बाईंचा आकडा त्याला पुरे होता. त्याने तोच गठ्ठा धाकटीच्या हातात दिला. "आता तू सांग."

धाकटीचा अंगठा कडेवरून एकदा गेला. शेवटाशी थांबला. पुन्हा पहिल्यापासून गेला. तिने डोळे उघडले ते थेट थोरलीकडे.

"एकोणीसच आहेत."

"म्हणजे येतं तुला," फोरमन म्हणाला. "येत नाही त्याला शिकवता येतं. येत असून करत नाही, त्याला काय करणार? उद्यापासून खळीकडे."

पुस्तकं चिकटवायच्या खळीची टाकी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत होती. तिकडे गेलेलं माणूस पुन्हा टेबलावर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"साहेब, राहू द्या ना," थोरली म्हणाली. "मी लक्ष ठेवते तिच्यावर."

"तुम्ही तुमचं काम बघा, बाई. तुमच्या हातांवर तर हे टेबल उभं आहे."

तो निघाला. दाराशी यंत्रवाल्याने त्याला अडवलं आणि दोघं बोलत उभे राहिले, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्याच अंतरावर.

धाकटीने टेबलाखालची पिशवी ओढली. पाण्याची बाटली, कंगवा, बोटांना लावायच्या पावडरचा डबा तिने एकेक करून आत टाकला.

"जमलं गं मला मोजायला," थोरली तिच्या कानाशी म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. "बोट नाही तर नाही, कानाने भागतं. बघितलंस ना? अगदी बरोब्बर एकोणीस."

"हो, जाऊबाई."

"साहेबांचा राग आठ दिवसांचा. मी बोलते त्यांच्याशी."

"बरं."

धाकटीने पिशवीची चेन लावली. ती थोरलीकडे बघत नव्हती.

थोरली ते न बघणं थोडा वेळ बघत राहिली. मग तिने टेबलावरचा तो गठ्ठा ओढून घेतला आणि डोळे उघडे ठेवून एकेक कागद खाली मांडू लागली. सावकाश, पत्ते वाटावेत तशी. पंधरा. सोळा. दाराशी फोरमन कशाला तरी हसला. अठरा. एकोणीस.

हातात अजून कागद होते. किती, ते तिला बघावं लागलं.