अप्पांचं उत्तर

२००६ साली बॉन विद्यापीठात नंदिनीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. विषय असा, की मिंग काळात चीनच्या किनाऱ्यावर चाचे का वाढले. नवरा म्हणून मी मागच्या बाकावर होतो. शेजारी माझे वडील, अप्पा, रत्नागिरीला कस्टम्समध्ये आयुष्यभर तस्कर पकडून निवृत्त झालेले. जर्मन भाषेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. प्रोफेसरांनी विचारलं, "सम्राटाने सागरी व्यापारालाच बंदी घातली, तरी चाचे वाढले कसे?" नंदिनीने पाच वर्षांच्या कामाची टिपणं मिटून बाजूला ठेवली.  मग ती म्हणाली, "माझे सासरे सांगतात, पकडलेल्यांत दरोडेखोर थोडे, कालपर्यंत गलबतातून सरळ माल नेणारे तांडेलच जास्त. पोटाचा धंदाच गुन्हा ठरवला, की माणूस धंदा सोडत नाही, गुन्हा शिकतो." "गेनाऊ! अगदी बरोबर," प्रोफेसर म्हणाले आणि थोड्या वेळाने त्यांनी ती पास झाल्याचं जाहीर केलं. सगळे बाकं ठोकू लागले. जर्मन लोक अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, बाकं ठोकतात, हे अप्पांना सांगायचं मी विसरलो होतो. आमच्याकडे बाकं वाजवून प्राध्यापकाला पळवून लावतात. अप्पा ताडकन उठले. "अरे, पोरीचं ऐकून तरी घ्या! खरं तेच बोलतेय ती!" ठोकणं आणखी वाढलं. नंदिनी धावत आली आणि भर सभागृहात त्यांच्या पाया पडली. "पास झाले अप्पा. तुमच्या उत्तरावर." अप्पा म्हणाले, "आधी यांना गप्प कर. आणि काय म्हणालीस ते परत सांग, मला नीट ऐकू आलं नाही."