तुलनेचं गाव

मुलांची वजनं घेण्याचा हा शेवटचा फेरा नीट पार पडला, की शर्वाणीला संस्थेच्या दिल्ली कार्यालयात कायमची जागा मिळणार होती, शिवाय बड्या अर्थतज्ज्ञांच्या शोधनिबंधात, तळटीपेत का होईना, नाव. पथ्य एकच: या गावात कुणाला बिस्किटसुद्धा द्यायचं नाही.

पोषक पिठानं मुलांची वजनं वाढतात का, हे तपासायला संस्थेनं चिठ्ठ्या टाकून सातपुड्यातल्या निम्म्या गावांना ते दिलं होतं. हे गाव तुलनेसाठी तसंच ठेवलेलं. शर्वाणीनं रुमलीच्या चार वर्षांच्या लेकीला काट्यावर उभं केलं. गेल्या वर्षीपेक्षा अर्धा किलो कमी.

"ताई, दरसाल येऊन पोर मोजता. मोजून वाढते का ती?" रुमली म्हणाली. "मूठभर पीठ इकडं सांडलं तर काय बिघडतं?"

शर्वाणीनं अंगणातूनच संचालक बाईंना फोन लावला.

"कळतं गं मला," बाई मायेनं म्हणाल्या, "पण एकीला दिलंस की तीन वर्षांचं काम मातीत. पीठ गुणकारी ठरलं, की सगळ्यांनाच मिळेल."

रुमलीकडे न बघता शर्वाणीनं वजन लिहून घेतलं.

पीठ गुणकारी ठरलं. बाईंना परदेशात पुरस्कार मिळाला, शर्वाणीला दिल्ली. त्या वजनानंतर दोन वर्षांनी रुमलीच्या गावातही पीठ आलं, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. तिची लेक तेव्हा सहा वर्षांची होती.