हट्टी जोड

"शंभर हेलकावे झाले, तरी मेला ढिम्म!" शाल्मली करवादली. बोल्टांनी खांबाला जोडलेली लोखंडी तुळई जॅक सकाळपासून वर-खाली करत होता. चाळिसाव्या हेलकाव्याला हा जोड तुटणार, असं तिने पीएचडीच्या प्रबंधात छातीठोकपणे लिहून ठेवलं होतं. तीन वर्षं पाण्यात गेली! तिच्या डोळ्यांना धार लागली.

वर्कशॉपचे गेनूकाका हात पुसत आले आणि खुशीत म्हणाले, "तुटायचा नाही, मॅडम. नुसत्या बोल्टांचा काय भरवसा? मागून गुपचूप वेल्डिंग मारलंय मी. गेल्या वर्षी त्या पीएचडीवाल्या दामल्यांचा जोड तुटला, तर ढसाढसा रडले बिचारे!"

"अहो काका, ते आनंदाने रडत होते!"

काकांनी तिच्या ओल्या गालांकडे निरखून पाहिलं.

"मग हे तुमचंही आनंदाचंच ना?"