तेवीस खेकडे

बादलीत तेवीस खेकडे होते. सकाळीच वर्षाराणीने दोनदा मोजले होते, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला होता. ओढ्यावरून ती परत आली तेव्हा बादलीत चार होते, आणि चुलीवर लालभडक रस्सा रटरटत होता.

खेकड्यांच्या अभ्यासासाठी ती राधानगरीजवळच्या या वस्तीवर बनाबाईंच्या घरी उतरली होती. आठ दिवस ओढे पालथे घालून हे नमुने जमवले होते. उद्या पहिल्या एसटीने ते कोल्हापूरला न्यायचे होते. दुसरी जात सापडली नाही तर हा विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. आणि दुसरी जात सापडली नव्हतीच. पाठीची रुंदी भागिले लांबी, तेवीस खेकड्यांची सरासरी १.३५, म्हणजे नेहमीच्या जातीच्या आसपासच. तरीही एकदा सरांच्या नजरेखालून घालावेत, एवढीच आशा होती. तीही आता चुलीवर शिजत होती.

बनाबाई मात्र खुशीत होत्या. आठवडाभर बादली तशीच पडलेली बघून त्यांना वाटलं, पोरीला खेकडे सोलता येत नाहीत आणि सांगायची लाज वाटते. तक्रार एकच होती, पाठीवरचे आकडे काही केल्या घासून निघत नव्हते.

"मग हे चार का ठेवलासा, मावशी?" वर्षाराणीने कसंबसं विचारलं.

"कडू असत्यात ते. आमच्यात कोण खाईत न्हाई." बनाबाईंनी त्यातला एक अलगद उचलून तिच्या नाकासमोर धरला. "पाठ बघ की कशी पसरट हाय. एवढं शिकलीस, आन् ह्ये दिसंना व्हय तुला?"

वर्षाराणीने चारही खेकड्यांच्या पाठीवरचे क्रमांक वाचले. चार, नऊ, सोळा, एकवीस. मग वही उघडली. एकेकाचं माप तिथं होतं. तिनेच ती सगळी एका सरासरीत कोंबली होती.

बनाबाईंनी ताट वाढलं. एका हाताने नांगी फोडत, दुसऱ्या हाताने तिने आकडेमोड पुन्हा केली. वहीवर रश्श्याचा शिंतोडा उडाला. त्याच्या शेजारी तिने लिहिलं:

गोड खेकडे एकोणीस, सरासरी १.३१. कडू खेकडे चार, सरासरी १.५४. जाती दोन.