शंका असेल तर विचारा

“मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असतं का?” सरांच्या मुलाने मुख्याध्यापिकाबाईंना तोंडावर विचारलं, आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“असतं. दुपारनंतर धार जरा बारीक होते,” बाई म्हणाल्या.

“आणि विज्ञानाला शिक्षक?”

“एक जागा रिकामी आहे. मागणी करून करून थकलो.”

नव्या वर्षी आठवीत येणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी आज शाळा खुली होती. सरांनी उभा जन्म या सरकारी शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्त झाले तरी ‘आमची शाळा’ म्हणताना त्यांची छाती अजून फुगायची. नातीने इथेच यावं, एवढी एकच इच्छा उरली होती. पण मुलाने पुलापलीकडच्या खासगी शाळेत तिच्यासाठी जागा अडवून ठेवली होती, आणि तिथे आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणून तर सरांनी बापलेकीला अक्षरशः ओढून आणलं होतं.

मुलाचा धंदाच लिफ्ट तपासायचा. दोर स्वतः बघितल्याशिवाय तो कशावर पाय ठेवत नाही. प्रयोगशाळेत त्याने नळ सोडून बघितले. वाचनालयात कपाटाला कुलूप नाही ना, ते बघितलं. दहावीचा निकाल विचारला, आणि नापास झालेल्यांचं पुढे काय होतं तेही विचारलं. सर मनातल्या मनात चरफडत होते. अरे बाबा, शाळा आहे ही, लिफ्ट नव्हे!

“आमची मुलं कुठल्या कुठे पोचलीत, ते विचार की जरा,” ते न राहवून म्हणाले.

“ती तुमच्या हाताखालची, अण्णा. आता तुम्ही कुठे आहात इथे?”

सरांना ते झोंबलं. ते दोन पावलं मागे राहून चालू लागले. मागे राहिले ते बरंच झालं. जिन्याचा कठडा तोच होता, हात घासून घासून गुळगुळीत झालेला. ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास तोच. खिडकीतून फाटक दिसलं आणि त्यांना हसू आलं. मुलाची शाळा वेगळी, सुट्ट्या वेगळ्या. सुट्टी असली की हा पठ्ठ्या सरांचा डबा घेऊन फाटकापर्यंत यायचा. शिपाई डबा आत आणायचा, तरी हा आपला गजांना धरून उभाच. सर वर्गातूनच हात करायचे, जा घरी! काय दिवस होते ते. जीव कासावीस होतो आठवलं की.

या शाळेची एक जुनी रीत होती. घरच्यांना नुसतं हिंडवून सोडायचं नाही, मुलांच्या बाकांवर एक अख्खा तास बसवायचं. मुख्याध्यापिकाबाई सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी खडू सरांपुढे धरला. “आजचा तास तुम्हीच घ्या ना सर. तुमची खिडकीही आहे तिथेच.”

सर खडू घेऊन फळ्यापाशी गेले. खिडकीतून ऊन आलं होतं आणि गजांच्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या. “या बघा समांतर रेषा,” सर म्हणाले. “सरकारने पाठवलेल्या नाहीत, सूर्याने पाठवल्यात. फुकट!” वर्ग खो खो हसला. सरांनी सावल्यांवर एक काठी आडवी टाकली आणि मुलांना कोन मोजायला बोलावलं. नात कोनमापक घेऊन पहिली धावली. तिच्या मागोमाग तिचा बाप आला, बाकात अडकलेले गुडघे सोडवत. चांगला पोट सुटलेला माणूस, पण फरशीवर उकिडवा बसला आणि प्रत्येक सावलीपाशी त्याच बाजूचा कोन मोजत राहिला. सगळे सारखे आले तेव्हा त्याने मान वर केली. हा चेहरा आपण कुठेतरी बघितलाय, असं सरांना वाटलं.

तास संपायच्या आधी सरांनी सवयीने विचारलं, “कुणाला शंका?” हा त्यांचा नेम होता. शंका कसलीही असो, ती टाळायची नाही. उत्तर द्यायचं आणि खरं द्यायचं.

शेवटच्या बाकावर परतलेल्या मुलाने हात वर केला होता.

“सर,” तो म्हणाला. जन्मात त्याने त्यांना अशी हाक मारली नव्हती. “शाळा इतकी चांगली होती, तर तुम्ही मला का नाही इथे घातलंत?”

सरांनी खडू खाली ठेवला. ओठांवर आलेली सगळी गुळगुळीत उत्तरं त्यांनी गिळून टाकली.

“धीर झाला नाही,” ते म्हणाले. “लोकांची पोरं इथे शिकून मोठी होतील, याची मला खात्री होती. स्वतःच्या पोराची वेळ आली, तेव्हा तीच खात्री कुठे पळाली कोण जाणे. चुकलं माझं.”

घंटा झाली. मुलं उठली. मुलगा मात्र बाकावर बसूनच राहिला. सरांना वाटलं, संपलं सगळं. जन्मभर वाखाणलेली शाळा आपण आपल्याच तोंडाने नापास केली.

“बाबा, चला ना,” नातीने त्याची बाही ओढली.

मुख्याध्यापिकाबाई जवळ आल्या. “मग, काय ठरवताय?”

मुलगा उठला. फरशीवरच्या सावल्या आता थोड्या सरकल्या होत्या. त्यांच्यावर पाय पडू न देता तो पुढे आला आणि काठी उचलून त्याने सरांच्या हातात दिली.

“हिचं नाव घाला, बाई,” तो म्हणाला. “माझं तर राहूनच गेलं.”